गाळलेला आषाढ

सारंगने शेवटचं पान खाली ठेवलं. सिंगापुरात, टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमध्ये, डोक्यावर पंखा फिरत होता. माझ्या बायकोने, नीताने, पुढे केलेली अनारशांची ताटली तशीच राहिली.

त्याच्यासमोर माझा लेख होता, इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी लिहिलेला. आमच्या चिमुकल्या संस्थानातलं एक वर्ष, शके १८५३, महिन्यामहिन्याने : मुलींची शाळा, पहिली मोटार, राजेसाहेबांनी मारलेला वाघ, दसऱ्याचा दरबार. मुद्रितं तपासायचं काम सारंगकडे होतं.

"बाराच महिने, दादा?"

"वर्षाला किती असतात?"

"अनारसे समोर ठेवून विचारताय?" तो हसला, डोळे कागदावरच होते. "यंदासारखाच तेव्हाही अधिक आषाढ होता. तुम्ही ज्येष्ठातून थेट निज आषाढात उतरलात."

"मलमास तो. त्यात काय घडणार?"

"वेठ घडली."

त्या अधिक महिन्यात पाऊस लांबला होता. शिकारीचं सामान फुकट वाहायला सोळा जणांनी नकार दिला, तेव्हा कारभाऱ्यांनी त्यांना पाठीवर दगड देऊन दिवसभर उन्हात ओणवं उभं केलं. संस्थानच्या वार्षिक अहवालात एवढीच ओळ : 'एक इसम उष्म्याने दगावला.' तो इसम सारंगचा पणजोबा. कारभारी माझे आजोबा. त्यांची पगडीतली तसबीर सारंगच्या मागच्या भिंतीवर होती.

"तो अहवाल शोधा, असं मीच म्हणालो होतो तुम्हांला," सारंग म्हणाला.

"बाबा पंच्याऐंशीचे आहेत, सारंग. अंक पुण्याला त्यांच्या हाती जाणार."

"माझी आजी वाचायला उरली नाही, हे सोयीचंच झालं."

नीताने ताटली उचलली, पुन्हा ठेवली.

"बरं," मी उदार झालो. "घालतो तो महिना. कारभाऱ्यांचं नाव नको. पण तुझ्या पणजोबांचं अवश्य घालू, ठळक अक्षरांत. काय नाव होतं त्यांचं?"

नीताने माझ्याकडे पाहिलं, आणि मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी, याच टेबलाशी, सारंगने ते नाव सावकाश उच्चारलं होतं. मी गंभीरपणे मान डोलावली होती.

सारंगने कागद सारखे केले, त्यांवर लाल पेन ठेवलं, दाराशी बूट चढवले आणि लिफ्टसाठी न थांबता तो जिना उतरत गेला.