ताटीतला धूर

बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव. कपाशीच्या बोंडात शिरणारी गुलाबी अळी. गॅसची शेगडी. माहेरी आलेली गरोदर लेक. न्हाणीची ताटी.

मित्रांनो, या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो माझ्यामुळे जुळला. मी एक जुनी जाळी आहे, वांगी भाजायची.

बोरी अरब गावच्या लोहाराने मोडक्या गाडीची धाव तापवली, ठोकून सळ्या काढल्या आणि त्या एकमेकींत गुंतवून मला घडवलं. मी कांताबाईच्या घरी आले. कापूस वेचून झाला की उरलेली वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाटी, अंगणात रचली जाई. तिच्या निखाऱ्यावर मी आणि माझ्यावर हिरवी वांगी. धूर माझ्या भोकाभोकांतून वर जाई. पाहुणे भरीत खात आणि कांताबाईच्या हाताची चव वाखाणत. माझं नाव कोणी घेत नसे. पण धूर मलाही मिळे, तेवढा पुरे होता.

मग घरात गॅस आला आणि कपाशीवर बोंडअळी. अळी पऱ्हाटीच्या ढिगात दडून पुढच्या हंगामाची वाट बघते. म्हणून कांताबाईच्या नवऱ्याने, मारोतरावांनी, सगळी पऱ्हाटी यंत्राने शेतातच कुटून मातीत मिसळली. बरोबरच केलं त्यांनी. पण अंगण रिकामं झालं आणि मी खिळ्यावर गेले. माझ्या भोकांत कोळ्याने घर केलं.

अशात त्यांची लेक दीपमाला उमरखेडहून पहिल्या बाळंतपणाला आली. तिच्या पोटात अन्न ठरेना. गाल बसले होते. तिला एकच डोहाळा लागला होता, पऱ्हाटीवरच्या भरताचा. कांताबाईने मला घासून गॅसवर ठेवलं. वांग्याची साल काळी झाली. दीपमालाने एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

"माय, हे उकडल्यावानी लागते. धूर कुठी हाय याच्यात?"

"गॅसले धूर रायते काय, बाई?"

"मंग मले नको."

ती त्या दिवशीही उपाशीच निजली. मित्रांनो, लोखंडाला रडता येत नाही. ते नुसतं थंड होत जातं.

सकाळी कांताबाई गावभर फिरून रिकाम्या हाताने परतली. सगळ्यांनीच पऱ्हाटी कुटली होती. पाय धुवायला ती न्हाणीत गेली आणि तिथेच थबकली. न्हाणीचा आडोसा म्हणजे पऱ्हाटीचीच ताटी, दर वर्षी शेणामातीने लिंपलेली. तिने लिंपण खरवडलं आणि मूठभर काड्या ओढून काढल्या.

वांगी आधी आचेवर भाजून घेतली. मग गॅसवर लोखंडी तवा, तव्यात मोडलेल्या काड्या, त्यांवर मी, माझ्यावर वांगी आणि वरून पालथं घमेलं. काड्या तडतडल्या, गप्प झाल्या, आणि घमेल्याच्या कडेने निळसर धूर निघाला. माझा ओळखीचा धूर.

मारोतराव खोकत आत आले. "घर पेटवून राह्यली काय वो?"

"न्हाणी पेटवली. तुमी आता नदीवर जा आंघोळीले."

ओसरीवर बसलेली दीपमाला हसली. मग हसता हसता थांबली. "माय, वास येऊन राह्यला." तिने भाकर मागितली. ती संपली तशी आणखी एक.

ती होती तोवर ताटीतून काड्या निघत राहिल्या. आता ती बाळाला घेऊन उमरखेडला गेली आहे. ताटीला मोठं भगदाड पडलं आहे, त्यावर कांताबाईचं जुनं लुगडं टांगलं आहे. मारोतराव म्हणतात, "टिनाचा पत्रा लावू." कांताबाई ऐकत नाही. उरलेल्या काड्यांना ती कुणाला हात लावू देत नाही. ती स्वतःही लावत नाही. मी खिळ्यावरून दाराकडे बघत असते, आणि तीही.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा तिचा वास घेऊन पाहा. कुणाला कधी कशाची भूक लागेल, सांगता येत नाही. आणि माझ्यासारखी एखादी जाळी तुमच्या घरी असेल, तर तिला तेलाचं बोट लावत जा. वाट बघायची तर गंज चढून चालत नाही.

ती ताटी मारोतरावांनी विणली तेव्हा दीपमाला पाच दिवसांची होती, आणि बाळंतिणीच्या न्हाणीला आडोसा नव्हता.