कठड्याजवळचं टेबल

"पुढच्या हंगामात नक्की नेतो," असं म्हणत कप्तानाने बायकोला कधीच बोटीवर नेलं नाही. रोज संध्याकाळी परक्या जोडप्यांना तो सूर्यास्त दाखवत, जेवू घालत किनाऱ्यालगत फिरवायचा. घरात मात्र नुसते वायदे. निवृत्तीनंतर तिकीट काढून तिला आणलं, तोवर तिची दृष्टी पार गेली होती.

तरी ती ठेवणीतले कपडे घालून आली. त्याने कठड्याजवळच्या टेबलाशी बसवून तिच्या हातात चमचा दिला. इंजिन मंदावलं, गलका थांबला.

"सूर्य बुडतोय वाटतं," ती म्हणाली. "कसा दिसतो, सांगा ना. तुम्ही तर रोज बघत होतात."

याच वळणावर पाण्याखाली खडक होते. लोक सूर्य बघत, तेव्हा कप्तान सूर्याकडे पाठ करून खडकांवर डोळा ठेवायचा. आताही मान सवयीने तिकडेच वळली होती. तो गर्रकन फिरला, तर सूर्य बुडून गेला होता आणि लोक पुन्हा जेवायला बसत होते.

"सांगा की, अहो."

"लाल असतो," तो म्हणाला.

पुढचं ऐकायला ती जरा पुढे झुकली. मग चमचा खाली ठेवून म्हणाली, "तेवढं मलाही आठवतंय."