आत दोघं, बाहेर दोघं

दुपारी पावणेचारला पहिली वीट आगीच्या बंबाची काच फोडून चालकाच्या मांडीवर पडली. दुसरी तात्याच्या खांद्याला लागली.

तात्या हा बंबावरचा मुख्य. समोर टायर दुरुस्तीचं दुकान पेटलं होतं. वरच्या खोलीत टायरवाल्याची आई अडकली होती. तात्या आणि त्याचा उरलेला एकुलता एक फायरमन, लंबू, रस्त्यावरूनच पाणी मारत होते.

"आम्ही फुकटात बघतोय, हे पगार घेऊन बघतायत!" शेजारचा न्हावी ओरडला. कोणीतरी हसलं. मग तिसरी वीट आली.

टायरवाल्याने तात्याची कॉलर धरली. "आत का जात नाही रे?"

"तिघंच आहोत. आत दोघं गेले तर बाहेर दोघं लागतात. दुसरा बंब निघालाय."

"कुठून?"

तात्याने ओठ चावला. जवळचं अग्निशमन केंद्र राज्य सरकारने उन्हाळ्यातच बंद केलं होतं. खर्च झेपत नाही म्हणून बंबावरची माणसंही पाचाची तीन केली होती. दोघांचा नियम तेवढा जसाच्या तसा होता.

"नदीपलीकडून."

टायरवाल्याच्या हातात टायर उचकटायची पहार होती. पहिला फटका बरगड्यांवर बसला, तात्या गुडघ्यांवर आला. दुसरा तोंडावर. लंबूने नळी टाकून टायरवाल्याला मागून आवळलं, तसं जमावाने लंबूला खाली पाडून लाथांनी तुडवलं. चालक पंपापासून हलला नाही. हलला असता तर पाणीच थांबलं असतं.

वरून म्हातारीचा खोकला ऐकू आला. लाथा थांबल्या.

तात्या रक्त थुंकला. त्यात एक दात होता.

"चौथा तू," तो टायरवाल्याला म्हणाला आणि आपल्या कमरेला बांधलेल्या दोरीचं टोक त्याच्या हातात कोंबलं. "मी आणि लंबू आत. तू आणि चालक बाहेर. तीन झटके बसले की ओढायचं. आम्ही रिकाम्या हाती असलो तरी."

"मी जातो आत. आई माझी आहे."

"पाठीवरच्या हवेच्या टाकीतून श्वास घेता येतो तुला? मग धर मुकाट्याने."

लंबू मास्क चढवता चढवता थांबला. "तात्या, याच्या हातात? आत्ता दात पाडला याने तुमचा."

"म्हणजे हातात जोर आहे."

दोघं धुरात शिरले. दोरी सरसर आत गेली, जिन्यापाशी अडली, पुन्हा सरकली. आत काहीतरी मोठं कोसळलं. ठिणग्या रस्त्यापर्यंत आल्या आणि जमाव मागे हटला.

दोरीला तीन झटके बसले.

"ओढ!" चालक पंपावरून ओरडला. "अरे, ओढ!"

वरचा खोकला अजून येत होता.

टायरवाल्याने दोरी मनगटाला गुंडाळून घेतली होती. चार वाजून पाच मिनिटांनी ती ताठ ताणलेली होती, आणि तो न ओढता वरच्या खोलीच्या खिडकीकडे बघत उभा होता.