ठेक्यावरचा जिना

आप्पांचा डावा पाय जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी आला आणि पुन्हा अडून बसला. गेल्या वर्षी जडलेल्या आजाराची ही तऱ्हाच होती. हात ठणठणीत, डोकं शाबूत, पण दार दिसलं, पायरी दिसली की पावलं जमिनीला चिकटलीच म्हणून समजा. वरच्या खोलीत त्यांचं व्हायोलिन दुरुस्तीचं टेबल होतं. आयुष्यभर त्यांनी तिथे राज्य केलं होतं, आणि या रविवारी बायको ते टेबल देऊन टाकून खोली मोकळी करणार होती.

"आता काही तुम्ही वर चढत नाही," ती म्हणाली होती. मनात वाईट काही नव्हतं तिच्या, पण आप्पांना ते जिव्हारी लागलं.

"रविवारच्या आत चढून दाखवतो. नाही चढलो तर खुशाल दे टेबल."

हट्टीपणात त्यांचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं.

डॉक्टरांनी सुचवलं होतं, गाणं लावून चालून बघा. आप्पांनी अर्थात आपलं आवडतं लावलं. संथ व्हायोलिन, एकेक सूर खेचत नेलेला. ऐकताना त्यांचे डोळे मिटले, मान डोलली, जीव सुखावला. पाऊल मात्र सूर संपायची वाट बघत तिथेच उभं, आणि सूर काही संपेना. तीन दिवस हाच खेळ चालला.

शुक्रवारी ते जिन्यापाशी असेच ताटकळले होते. तेवढ्यात मागच्या खोलीत मुलाचं गाणं सुरू झालं. तोच तो धांगडधिंगा, धाड-धाड-धाड. "बंद कर ते!" म्हणून आप्पांनी तोंड उघडलं, आणि बघतात तर पाऊल पहिल्या पायरीवर. पाठोपाठ दुसरंही. आप्पांना आपल्या पायांचा विलक्षण राग आला. मुलाचं ते गाणं ऐकून गेली वीस वर्षं त्यांनी नाकं मुरडली होती, घर डोक्यावर घेतलं होतं, आणि स्वतःचे पायच फितूर झाले!

पण टेबल की अब्रू, असा सवाल होता. आप्पांनी टेबल निवडलं.

"अरे ए! तुझं ते खोकं घेऊन ये इकडे. आणि हसलास तर बघ."

मुलगा छोटा स्पीकर घेऊन आला. हसला नाही, पण ओठ दाबून धरले होते. दोघं शेजारी-शेजारी चढू लागले. धाड, पाऊल. धाड, पाऊल. आप्पांनी कठडा घट्ट धरला होता, कपाळावर घाम होता, तरी जिना सरत होता. अर्ध्यावर आले आणि गाणं संपलं.

आप्पांचे पाय जागीच थांबले. त्यांनी खाली पाहिलं. शेजारी मुलाने पुढची पायरी चढायला उजवा पाय उचलला होता, आणि तो पायरीच्या कडेला घासत, ओढत वर गेला. लहानपणी मोडलेला पाय. तो तसाच ओढत राहील असं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं. आप्पांनी रोज तेल लावून मालिश केली, पाय सरळ पडू लागला, आणि आप्पा आजतागायत आलेल्या-गेलेल्याला आपल्या मालिशीची महती सांगत होते.

"पाय... पाय बरा झाला होता ना तुझा?"

"गाणं चालू असलं की बरा असतो, आप्पा. ठेका कानात असला की नीट पडतो."

"आणि माझी मालिश?"

"मालिश झकास होती," मुलगा म्हणाला. या वेळी तो हसला.

आप्पा हसले नाहीत. "मग मी बंद करायला लावायचो तेव्हा?"

"तेव्हा बसून राहायचो."

आप्पांना शरम वाटली. पोराला सुरांची पारख नाही, असं ते पाहुण्यांसमोर म्हणायचे, आणि पोरगा ऐकत बसलेला असायचा. बसलेलाच. त्याला उठून जाताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

वर दार दिसत होतं. दाराआड टेबल होतं.

"लाव पुढचं," आप्पा म्हणाले. "मोठ्याने लाव. खाली तुझ्या आईलाही ऐकू जाऊ दे."

"आणि वर पोहोचल्यावर तुमचं व्हायोलिन लावू?"

"माझं बसून ऐकायचं आहे," आप्पा म्हणाले आणि मुलाच्या पायाकडे बघत पाऊल उचलायला तयार झाले. "आधी आपल्या दोघांना चालायचंय."