बिनआवाजाची गाडी

"मावशी, यातून दारूचा वास येऊन राह्यला," अजय म्हणाला. गाड्या विकून देणारा हा दलाल सकाळीच नागपूरहून आला होता. पुढच्या काचेखालच्या जाळीत चिमटा घालून तो काहीतरी उपसत होता. "गिऱ्हाइकाले वाटंल, कुलदीपभाऊ पिऊनच चालवत होते."

त्याच्या तळहातावरचे काळे, चिकट गोळे मी ओळखले.

"दारू नाई ते. मोहफुलं आहेत."

"एकच झालं," म्हणत त्याने ते नालीत झटकले.

कुलदीप माझा मुलगा. राजुऱ्याकडच्या कोळसा खाणींवर त्याचे टिप्पर चालतात. त्याच पैशातून त्याने ही लाल, विजेवर धावणारी रेसची गाडी घेतली. गोंडपिपरीच्या प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासतं. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. याचे वडील मोटरसायकलवर यायचे, तेव्हा तळ्याच्या वळणावरच आवाज ओळखून मी चहा ठेवायची. ही मात्र चोरासारखी येऊन अंगणात उभी राहते.

कमला आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन इथे आलो. चैत्रात पहाटे मोह वेचायला बरोबर जायचो. झाडाखालचा पालापाचोळा आदल्या दिवशीच झाडून ठेवायचा आणि डांबरावर पडलेली फुलं आधी वेचायची, कारण ती चाकाखाली जातात. पुढे मला अंगणवाडीत नोकरी लागली आणि माझा मोह सुटला. कमलाचा सुटला नाही. डोळे फुलांवर, कान रस्त्यावर, अशी ती वाकून वेचायची. टिप्पर दोन वळणं पलीकडे असला तरी टोपली उचलून बाजूला व्हायची. गेल्या चैत्रात कुलदीपची गाडी आली, तेव्हा तिच्या कानांनी तिला काहीच सांगितलं नाही.

खुब्याचं हाड मोडलं. कुलदीपने तिला चंद्रपूरला नेलं, ऑपरेशनचा खर्च केला. ते मी नाकारत नाही. कमलाचा मुलगा कुलदीपचाच टिप्पर चालवतो, त्यामुळे पोलिसांकडे कोणी गेलं नाही.

अजयने सीटवर फेस चोळला, चाकं चमकवली, फोटो काढले. मग ओसरीवर बसून तो मोबाइलवर जाहिरात लिहू लागला.

"अडतीस लाख टाकतो. पण विनाअपघात लिहाचं तं बंपर काऊन बदलला, ते सांगा लागंल. नवा रंग जाणकाराले दिसते."

"हरीण आडवं आलं म्हण," कुलदीप म्हणाला.

"हरीण नको भाऊ. फॉरेस्टवाले मागं लागतात. गाय म्हणा."

"गाय तं अजून मोठी भानगड."

"मंग दगड. घाटातला दगड लागला."

"हं, दगड बेस आहे."

दोघेही हसले. हरणासाठी विचारणारं कोणीतरी होतं, गाईसाठीही होतं.

"बाई होती ते," मी म्हटलं.

"माय, तिचा खर्च केला ना मी? गिऱ्हाइकासमोर हे काढू नको."

दुपारी गिऱ्हाईक आलं. गुणवंतराव, चंद्रपूरचे बांधकामवाले. मुलाच्या लग्नात त्याला गाडी द्यायची होती. त्यांनी बॅटरी पाहिली, एक चक्कर मारली, "काईच आवाज नाई, वा" म्हणून खूश झाले आणि ओसरीवर माझ्यासमोर येऊन बसले.

आमच्याकडे बैल घेताना घरच्या बाईला विचारायची रीत आहे. चारापाणी तिच्या हातचं; बैल मारका आहे की नाही, ते तिलाच ठाऊक. आणि त्या वेळी ती खोटं बोलत नाही.

"बाई, सौद्याच्या आधी घरधनिणीले विचारा लागते," गुणवंतराव गमतीने म्हणाले. "मारका तं नाई ना तुमचा बैल?"

कुलदीपने माझ्याकडे पाहिलं.

"मारका आहे," मी म्हटलं. "कमलाबाई मोह वेचत होती. तिचा खुबा मोडला यानं. तो बंपर त्याच्यासाठीच बदलला."

अजयने मोबाइल खाली ठेवला. मला वाटलं, हे गिऱ्हाईक आता उठून जाईल. निदान विचारेल, कोण ही कमलाबाई, कुठे असते.

गुणवंतराव उठून गाडीपाशी गेले आणि वाकून त्यांनी बंपरवरून हात फिरवला.

"मेली तं नाई ना?"

"नाई," कुलदीप म्हणाला.

"पोलीस केस?"

"नाई जी."

"मंग काई टेन्शन नाई. पण हे ऐकून पूरा भाव कसा देऊ? दोन लाख कमी करा."

कुलदीपने जरा घासाघीस केली आणि मान हलवली. सौदा झाला. माझ्याच घरचा चहा तिघांनी घेतला. कुलदीप रागावलासुद्धा नाही. "माय, तुही जीभ मले दोन लाखाले पडली," एवढं म्हणून हसला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्यांच्या कपांना हात लावायची मला किळस आली. ते तसेच ओसरीवर सोडून मी कमलाकडे गेले.

ती खाटेवर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. हरीण, गाय, दगड, दोन लाख.

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आनं बाई आता चालते का, हे नाई विचारलं त्यानं?"

"नाई."

"बस," ती म्हणाली. "पाणी देतो तुले."

मीच उठणार होते, पण तिच्याकडे पाहून उठले नाही. दवाखान्यातून आणलेला वॉकर दाराआड होता. तो तिने घेतला नाही. एक हात भिंतीला लावून ती माठापर्यंत गेली आणि तांब्या भरून तशीच परतली. पावलागणिक पाणी तिच्या लुगड्यावर सांडत होतं. माझ्यापर्यंत पोचेतो तांब्या अर्धा झाला होता.

"घे," ती म्हणाली, आणि मी पिऊन संपवेपर्यंत समोर उभी राहिली.