मी न दिलेला झटका

मी एक जुनी फोर्कलिफ्ट आहे. गोदामाच्या मागे, माल रचायच्या मोडक्या लाकडी पॅलेटांच्या ढिगाला टेकून गंजते आहे. ऐन उमेदीत मी माल इतका उंच लावायची की पत्र्याखालची कबुतरं अंग चोरून बसत. एकदा तर मी अख्खा ट्रक उचलला, आत झोपलेल्या ड्रायव्हरसकट, आणि त्याची झोपही मोडली नाही. मित्रांनो, एवढी एक थाप माझ्या वयाला माफ करा. पुढचं अक्षर न अक्षर खरं आहे.

गोदामात आम्ही तिघं. धाकटा हॅण्डपॅलेट, माल जमिनीलगत ओढणारा आणि सदा कुरकुरणारा. मधली मी. आणि नवी आलेली ऑर्डर पिकर. तिला चारी बाजूंनी कठडा. त्यात माणूस पट्टा बांधून उभा राहतो, तिच्याबरोबर वर जातो आणि हवं तेवढंच खोकं काढून आणतो. पण साहेबांनी तिच्यावरचं प्लास्टिक कधी काढलंच नाही. "पाहुण्यांना दाखवायची आहे, ओरखडे नकोत!"

मग वरचं एखादं खोकं हवं झालं की माल उचलायच्या माझ्या पुढच्या दोन लोखंडी सुळ्यांवर रिकामं लाकडी पॅलेट ठेवायचं आणि त्यावर शिडीला उभं करायचं. शिडी म्हणजे आमचा माल काढणारा, अंगाने काटकुळा आणि उंचीने ताडमाड.

मला चालवणारे मामा दर वेळी अडून बसत. "साहेब, ही माल उचलते, माणसं नाही."

"मग याला माल समजा की!"

शिडी वरून ओरडे, "मामा, माझ्या पाठीवर 'नाजूक, आपटू नये' असा कागद तरी डकवा!"

त्या दुपारी शिडी खोकं ओढायला बाहेर झुकला. पॅलेट सुळ्यांना बांधलेलं नव्हतं. ते एका कडेने उचललं गेलं. मी तसूभरही हलले नव्हते. शिडी खोक्याच्या आधी खाली आला.

जिवावरचं पायावर निभावलं. गुडघा मात्र कायमचा गेला.

साहेबांनी मामांना माझ्याजवळच गाठलं. "झटका एक तर गाडीने दिला, नाहीतर तुम्ही. तपासणीवाल्यांना काय सांगायचं, बोला."

मामांनी माझ्या साखळीला किती वर्षं तेल घातलं होतं! ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडीनेच."

झालं. दोष लोखंडाचा ठरला, माणसं सगळी सुटली. शिडी कुबडी घेऊन बसायचं काम मागायला आला तेव्हा साहेब म्हणाले, "अरे, तुझी उंचीच तर कामाची होती. खुर्चीत बसून ती काय करायची?" शिडीने कुबडी फिरवली आणि दाराबाहेर निघून गेला.

माझ्या जागी दुसरी फोर्कलिफ्ट आली. मामाच चालवतात. मागचं दार उघडं असलं की मला आतलं दिसतं. काल तिच्याही सुळ्यांवर रिकामं पॅलेट चढलं आणि त्यावर एक नवा माणूस. हा बुटका आहे, म्हणून त्याला अजूनच वर न्यावं लागतं.

मित्रांनो, यंत्रांना तेल घाला, पुसा, झाकून ठेवा, सगळं करा. पण आधी वर उभ्या असलेल्या माणसाभोवती कठडा आहे का, ते बघा. नसला तर जोरात ओरडा. मी ओरडले असते, पण माझा भोंगा काढून त्यांनी त्या नव्या फोर्कलिफ्टला बसवला आहे, आणि तो वाजवायचा मामांनी.