तीन दिवसांची सुई

"डाक्टरसाब, ती डोक्यातली सुई कवा काढायची?"

फोनवर पळसतांड्याची रीता होती. देविदासच्या एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात नागदवण्याच्या पाल्याची धुमसती कांडी. समोर पालथ्या पडलेल्या बाईच्या कमरेला तो शेक देत होता.

"कोणती सुई?"

"आमच्या मामांच्या डोक्यातली. सोमवारी तुमी ठिवली ती. आज गुरवार झाला. मामा म्हनतेत डाक्टर सांगतील तवाच काढायची. म्हून इचारून राहिले."

रीताचे मामा म्हणजे तिचे सासरे, रूपसिंग. वय अठ्ठ्याहत्तर. सोमवारी डोकं दुखतं म्हणून आले होते.

"भाजून राहिलं ना हो," पालथी पडलेली बाई कळवळली. देविदासने कांडी झटकन वर उचलली, आणि फोनमध्ये एवढंच म्हणाला, "हात लावू नका. मी येतो."

सेनगावात बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत देविदासचं ॲक्युपंक्चरचं केंद्र गेली अठ्ठावीस वर्षं चालू होतं. गाव त्याला चिनी डॉक्टर म्हणतं. चीन राहू द्या, हा गृहस्थ हैदराबादच्या पलीकडे कधी गेला नव्हता. परभणीला एका दवाखान्यात कंपाउंडर असताना त्याची स्वतःची अर्धशिशी एका शिबिरात सुयांनी थांबली, तेव्हापासून या विद्येचं वेडच लागलं. नोकरी करता करता शिकला, परीक्षा दिली, आणि भिंतीवर अंगभर ठिपके असलेल्या माणसाचं मोठं चित्र लावून इथे बसला. पहिलं वर्षभर लोक जिन्यातूनच डोकावून परत जायचे. आमी जलमभर काटे काढतो अन् हा टोचून राहिला, असं म्हणून हसायचे. मग हळूहळू कुणाच्या खांद्याचं दुखणं उतरलं, कुणाची मान वळली, आणि सोमवारी बाजाराच्या दिवशी जिन्यावर चपलांचा ढीग दिसू लागला.

त्याची एक पद्धत होती. सुई लावताना तो आकडा मोठ्याने म्हणायचा, काढतानाही म्हणायचा, आणि पेशंटनेही त्याच्याबरोबर मोजायचं. आपल्या अंगात किती सुया गेल्या हे आपल्यालाच माहीत नको का, असं तो दरडावून सांगे. अंगठा उठवणारी माणसंसुद्धा तिथे पडल्या पडल्या नऊ-दहा-अकरा म्हणत. शेंडीच्या जागची, कातडीखालून आडवी सरकवलेली सुई सगळ्यात शेवटी काढायची. केसांत ती दिसत नाही, म्हणून तर आकड्याला जास्त जपायचं.

"कुणाची राहिली, सर?" प्रियदर्शनीने विचारलं. ती सहा वर्षांपासून त्याच्याकडे होती आणि आता रीतसर परीक्षा पास होऊन स्वतःही उपचार करायची. सोमवारी मात्र कसल्याशा कागदासाठी हिंगोलीला गेली होती.

"रूपसिंगबापूंची. शेंडीची."

ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं देविदासला चांगलं ओळखीचं झालं होतं. या वर्षात दोनदा त्याचा आकडा चुकला होता. दोन्ही वेळा तिने चादर सारखी करण्याच्या निमित्ताने राहिलेली सुई गुपचूप काढली होती. त्याने ते पाहिलं होतं, आणि त्याने पाहिलंय हे तिलाही कळलं होतं. तरी दोघं काही घडलंच नाही असं वागत आले होते.

प्रियदर्शनीलाही बरोबर घेतलं, आणि जीप रिसोडच्या रस्त्याने निघाली. दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी चाललेली, रस्त्यावर निम्म्या भागात शेंगा वाळत घातलेल्या. ड्रायव्हर शिव्या देत गाडी काढत होता. देविदास मांडीवर सुयांची पेटी घेऊन बसला होता आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. सुई जास्त वेळ ठेवायची पद्धत चिनी शास्त्रात आहेच. कानाच्या बारीक सुया तर चार-चार दिवस ठेवतात. मुद्दाम ठेवली होती म्हटलं तर कोण विचारणार आहे? विसरलो हे कबूल केलं, की उद्यापासून सुई हातात धरायला तोंड राहणार नाही. आणि सुई नाही तर मग या हातांचं करायचं काय? त्याला दुसरं काही येत नव्हतं. बायको गेल्यापासून तर त्या दोन खोल्या सोडल्या तर त्याला दुसरं जगही नव्हतं.

तांड्यावर पोचल्यावर तो चपापलाच. लिंबाखाली बाजेवर रूपसिंग बसला होता, आणि त्याच्या भोवती दहा-पंधरा माणसं. रूपसिंगच्या डोक्याला पागोटं नव्हतं. या माणसाला उघड्या डोक्याने देविदासने उपचाराच्या टेबलाशिवाय कुठेच पाहिलं नव्हतं.

"तीन दिस झाले, पागोटं खुंटीला हाय," रीता म्हणाली. "आडवे बी झाले न्हाईत. पोत्याला टेकून बसल्या बसल्या झोपतेत. परवा सोयरिकीला बलावलं व्हतं, तिथं बी गेले न्हाईत. उघड्या डोक्यानं कसं जावं?"

देविदासने वाकून पाहिलं. पांढऱ्या केसांत सुईची तांबूस मूठ तशीच होती. भोवतीची कातडी थोडी लाल झाली होती, पण पू नव्हता. त्याचा जीव भांड्यात पडला.

"डाक्टरसाब," शेजारचा जगन पुढे आला, "मला बी अशी तीन दिसाची सुई ठिवा. माझी कंबर लई तकलीफ देऊन राहिली."

"मह्या गुडघ्याला बी," मागून एक म्हातारी म्हणाली.

"तीन दिवसांची सुई?"

"बापू म्हनले ना. डाक्टरनं खास ठिवली म्हनून. ही सगळ्यायला ठिवत न्हाईत म्हने."

देविदासने असं काहीही सांगितलं नव्हतं. त्याने रूपसिंगकडे पाहिलं. रूपसिंग पलीकडच्या शेळीकडे बघत होता.

सगळं आयतंच जुळून आलं होतं. नुसती मान हलवली असती तरी काम भागलं असतं, वर पुढच्या सोमवारी जिन्यावर आणखी चपला आल्या असत्या. पण त्या म्हातारीने गुडघ्यावरचं लुगडं वर करून बसायला सुरुवातसुद्धा केली होती. तिच्या त्या भाबड्या घाईने देविदासला कसंतरीच झालं.

"खास काही नाही," तो म्हणाला. "मी विसरलो. नऊ लावल्या होत्या, आठच काढल्या. मोजायचं राहिलं."

 म्हातारीने लुगडं पुन्हा खाली सोडलं. जगन एकदा देविदासकडे, एकदा रूपसिंगकडे बघत राहिला.

रूपसिंग मात्र भडकला. "काहून सांगितलं तुमी? मी तीन दिस कोनाला कळू दिलं न्हाई!"

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं, बापू?"

"मोजतो ना मी. तुमीच तर लावलं मोजायला. नऊ गेल्या, आठ आल्या. बराबर कळलं मला."

"मग तिथंच का नाही सांगितलं?"

"कसं सांगू? बाह्यर आठ-दहा मानसं बसलेली, परदा उघडा. त्या लोकायसमोर म्हनू का, डाक्टर तुमी चुकले म्हनून?"

"अहो, पण सुई होती डोक्यात! पिकली असती म्हणजे?"

"पिकली न्हाई ना." रूपसिंगचा आवाज खाली आला. "मही घरवाली रूपाबाई लकव्यानं पडली तवा उजवा हात गेला व्हता तिचा. ध्यानात हाय का? मोठ्या दवाखान्यानं सांगितलं, आता घरी घेऊन जा. तुमी चार म्हैने सुया लावल्या. त्याच्यानंतर सहा वर्सं जगली ती. शेवटच्या दिसापत्तुर आपल्या हातानं जेवली, कोनाला घास भरवू दिला न्हाई. त्या मानसाला मी चार लोकांत खाली पाहायला लावू व्हय? एका सुईपायी?"

 रूपाबाई देविदासला आठवत होती, तिचा हात आठवत होता. पण ती नंतर कशी जेवली हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्याला लाज वाटत होती आणि त्याच वेळी भरून येत होतं. खिशात रुमाल सापडेना, म्हणून त्याने बाहीनेच डोळे पुसले आणि लोकांना ते दिसलं तर दिसू दिलं.

"बापू, हे पहिल्यांदा नाही झालं," तो म्हणाला. "याआधी दोनदा चुकलो. हिनं सांभाळून घेतलं म्हणून निभावलं."

"सर, जाऊ द्या ना आता," प्रियदर्शनी हळूच म्हणाली.

"जाऊ कसं देऊ? उद्या डोक्याच्या ठिकाणी कुणाची छाती असली तर?" त्याने पेटी तिच्यापुढे केली. तिने घेतली नाही, तेव्हा ती त्याने तिच्या हातात दिलीच. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सोमवारपासून सुया ही लावणार. ज्याला यायचं त्यानं यावं."

पेटी देताना त्याला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. जड गेलं ते नंतर, हात रिकामे झाल्यावर. ते कुठे ठेवावेत हेच त्याला सुचेना.

रूपसिंगने प्रियदर्शनीला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "हिचा हात हलका हाय का?"

"माझ्यापेक्षा हलका आहे."

"मंग काढ माय." रूपसिंगने मान पुढे केली, आणि लगेच मागे घेतली. "थांब जरा. डाक्टर, तुमी इकडं या. मह्या मागं बसा. डोकं धरा माझं."

"कशाला? दुखत नाही काढताना."

"दुखत न्हाई, ठावं हाय मला. तरी धरा."

देविदास बाजेवर चढून त्याच्या मागे बसला. दोन्ही तळव्यांत त्याने ते डोकं धरलं. तीन दिवस पाणी न लागलेले केस चिकट झाले होते, कातडी उन्हाने तापली होती. अठ्ठावीस वर्षांत त्याने हजारो डोक्यांना हात लावला होता, पण तो बोटांनी, जागा शोधण्यापुरता. असं नुसतं धरलं नव्हतं. डोकं त्याला वाटलं त्यापेक्षा जड होतं, आणि तीन रात्री बसून काढलेल्या म्हाताऱ्याने त्याचा सगळा भार हळूहळू देविदासच्या हातांवर सोडून दिला.

प्रियदर्शनी वाकली. तिने सुई काढली, कापसाचा बोळा दाबला. बोळ्यावर रक्ताचा एवढासा ठिपका आला.

"झालं, बापू," ती म्हणाली.

रूपसिंगचे डोळे मिटलेले होते. लोक एकेक करून उठले, रीता चहा टाकायला आत गेली. देविदासचे हात अजून तिथेच होते, आणि रूपसिंगने ते काढा म्हणून सांगितलं नाही.